पार्श्वभूमी : दुसऱ्याच्या दाव्यात पैसा लावणारे

निफाड-दिंडोरीची द्राक्षं रॉटरडॅमला जातात तेव्हा कंटेनरबरोबर एक करारही जातो, आणि त्याच्या शेवटच्या पानावर लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाकडून सोडवण्याचं, कलम असतं. ते सहसा कोणी वाचत नाही. वाचायची वेळ येते ती 2010 सारख्या हंगामात. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात नाशिक-सांगलीचा माल अडकला, नाकारला गेला. एरवीही माल कन्साइनमेंटवर गेला असेल तर भाव तिकडे विक्री झाल्यावर ठरतो, आणि ‘माल खराब उतरला’ असं सांगून खरेदीदार पैसे कापतो. निर्यातदाराची बाजू खरी असली तरी परदेशात लवाद चालवायला वकील, तज्ज्ञ आणि लवादांची फी आधी मोजावी लागते.

निवाडा मिळाला तर तो वसूल करण्याची सोय जुनी आहे. परदेशी निवाडे एकमेकांच्या देशात अमलात आणण्याचा न्यूयॉर्क करार 1958 चा आहे आणि भारताने त्याला 1960 मध्येच मान्यता दिली. अडतं ते निवाड्यापर्यंत पोहोचण्याच्या खर्चापाशी. तो खर्च तिसऱ्याने उचलायचा आणि जिंकल्यास रकमेत वाटा घ्यायचा, हा आज जगभर पसरलेला धंदा आहे. गेल्या वीसेक वर्षांत कायद्याच्या काही प्राध्यापकांची सगळी कारकीर्द त्याच्या अभ्यासावर उभी राहिली आहे. बोस्टन विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया शॅनन साहनी हे त्यातलं एक नाव. अध्यापनाकडे वळण्यापूर्वी त्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या, म्हणजे आयसीसीच्या, उत्तर अमेरिकेतल्या लवाद कामकाजाच्या उपसंचालक होत्या. आतून यंत्रणा पाहिलेल्या माणसाने पुढे तिच्यावर लिहावं, हा या क्षेत्रातला नेहमीचा रस्ता आहे. विल्यम पार्क, कॅथरीन रॉजर्स आणि स्टाव्ह्रोस ब्रेकुलाकिस या तीन प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने 2018 मध्ये या विषयावर मोठा अहवाल काढला. पैसा लावणाऱ्याचं नाव उघड करावं का, त्याचे आणि लवादाचे लागेबांधे निघाले तर काय, आणि दावा हरला तर प्रतिपक्षाचा खर्च कोणी द्यायचा, हे त्यातले कळीचे प्रश्न होते.

यातला शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. इंग्लंडमध्ये परक्याच्या दाव्यात पैसा घालणं हा गुन्हा होता आणि तो 1967 मध्ये रद्द झाला. भारतात मात्र ही बंदी कधी लागूच नव्हती. रामकुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1876 मध्येच ते स्पष्ट केलं. करार पिळवणुकीचा किंवा केवळ खटलेबाजीसाठी केलेला असेल तरच तो नाकारायचा. त्या प्रकरणातली मागणी काय होती? आधीचा दावा जिंकलेल्या पक्षाला आपला खर्च दाव्यामागच्या सावकाराकडून हवा होता. तो मिळाला नाही.

या अन्यायावर (मला तरी तो अन्यायच वाटतो) महाराष्ट्रात इलाज झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात इथे वेगळी दुरुस्ती आहे. दाव्यासाठी पैसा मिळावा म्हणून वादीने मालमत्तेतला हिस्सा दुसऱ्याला देऊ केला असेल, तर कोर्ट त्या दुसऱ्याला, त्याच्या संमतीने, वादी करू शकतं आणि खर्चासाठी तारण मागू शकतं. जमिनीचे दावे पाहिलेल्या नाशिककराला ही तरतूद कशासाठी केली ते समजावून सांगावं लागणार नाही. वकिलाला मात्र असा वाटा घेता येत नाही. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात ते गैरवर्तन ठरवलं आणि बार कौन्सिलचे नियमही तेच सांगतात. वकील नसलेल्यांना आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या ए. के. बालाजी निकालात पुन्हा आलं.

मग मोठा पैसा आला. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने 2019 मध्ये आपले लवादाचे निवाडे आणि दावे ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या पुढाकारातल्या गुंतवणूकदारांना 1,750 कोटी रुपयांना देण्याचा करार जाहीर केला. पैसा लावणारे साधारणपणे अंदाजित खर्चाच्या दहापट तरी दावा असावा असं बघतात. सरकारी कामांच्या ठेकेदाराचं त्यात बसतं, एका कंटेनरभर द्राक्षांचं बसत नाही. म्हणून हा धंदा गरिबाला न्याय मिळवून देतो, ही त्याची जाहिरात मी अर्धीच खरी मानतो.

2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे 1876 चाच प्रश्न नव्या कपड्यात आला. सिंगापूरच्या नियमांखालचा लवाद हरलेल्या पक्षाकडून खर्च वसूल होईना, म्हणून जिंकलेली कंपनी पैसा लावणाऱ्या टुमॉरो सेल्स एजन्सीच्या मागे लागली. खंडपीठाने सांगितलं की ही एजन्सी लवादात पक्षकारच नव्हती, तेव्हा निवाडा तिच्यावर लादता येणार नाही. महाराष्ट्राची दुरुस्तीही इथे आपोआप मदतीला येत नाही, कारण 1996 च्या लवाद कायद्यानुसार लवाद दिवाणी प्रक्रिया संहितेला बांधलेला नसतो.

उरतो तो माहिती उघड करण्याचा मार्ग. आयसीसीने 2021 च्या नियमांत आणि सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राने 1 जानेवारी 2025 पासूनच्या नियमांत पैसा लावणाऱ्याचं नाव सांगणं बंधनकारक केलं. आपल्या 1996 च्या कायद्यात याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा करारात या संस्थांचे नियम असतील, तर समोरच्यामागे कोणाचा पैसा आहे हे पिंपळगावच्या निर्यातदाराला कळू शकतं. नुसतं ‘लवाद मुंबईत’ एवढंच लिहिलं असेल, तर ते सांगायला खरेदीदार बांधील नाही.