बुरशीजन्य न्यूमोनियातील औषधरोध

प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत संसर्ग करणारी बुरशी उपचारातील औषधांना दाद देईनाशी होणे, म्हणजे बुरशीजन्य न्यूमोनियातील औषधरोध. रक्ताचा कर्करोग, अस्थिमज्जा किंवा अवयवाचे रोपण, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, एचआयव्हीची पुढची अवस्था असलेल्यांना याचा धोका जास्त.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा. तिचे दोन-तीन मायक्रोमीटरचे बीजाणू सगळ्यांच्याच श्वासावाटे आत जातात, पण निरोगी फुप्फुसातील पेशी त्यांचा निकाल लावतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णात ते रुजतात आणि रक्तवाहिन्यांत शिरतात. यावर मुख्य औषध व्होरिकोनॅझोल. या ॲझोल गटातील औषधे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल बनवणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. त्या विकराच्या सीवायपी५१ए या जनुकात बदल झाला की औषध नीट चिकटत नाही. टीआर३४/एल९८एच या जनुकबदलाच्या प्रसिद्ध प्रकारात तर विकराचा आकार बदलतोच, शिवाय त्याचे उत्पादनही वाढते.

हा रोध कुठून येतो, हे समजून घेणे महत्त्वाचे. महिनोन्महिने ॲझोल घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात तो निर्माण होऊ शकतो, पण पूर्वी कधीच ही औषधे न घेतलेल्यांतही तो आढळतो. कारण शेतात, फुलबागांत फवारली जाणारी बरीच बुरशीनाशके त्याच ॲझोल कुळातली आहेत. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढणारी ही बुरशी तिथेच रोधक होते आणि नंतर हवेतून रुग्णापर्यंत पोहोचते. नेदरलँड्समध्ये हा मार्ग प्रथम ठळकपणे पुढे आला. रुग्णालयात औषधे कितीही जपून वापरली तरी हा मार्ग त्याने बंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली काढलेल्या बुरशींच्या प्राधान्ययादीत ही बुरशी सर्वांत गंभीर गटात आहे.

काही बुरशींचा रोध मात्र उपजतच असतो. म्यूकर गटावर व्होरिकोनॅझोल चालत नाही, तर ॲस्परजिलस टेरियसवर ॲम्फोटेरिसिन बी हे अर्गोस्टेरॉलला चिकटणारे औषध चालत नाही. न्यूमोसिस्टिस यिरोवेसी या बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉलच नसते, म्हणून ही दोन्ही औषधे तिच्यावर निरुपयोगी. तिथे को-ट्रायमोक्झाझोल हे सल्फायुक्त जोडऔषध द्यावे लागते. त्यातील सल्फा घटकाच्या लक्ष्य-जनुकात बदल सापडले आहेत, पण त्यांमुळे उपचार फसतोच असे ठामपणे म्हणता येत नाही.

निदान हा सगळ्यांत कच्चा दुवा. रक्तातील किंवा फुप्फुसाच्या धुवणातील गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतील शर्करा) चाचणी बुरशी असल्याचे सुचवते, रोधाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी सहसा बुरशी प्रयोगशाळेत वाढवावी लागते, आणि अनेकदा ती वाढतच नाही. न्यूमोसिस्टिस तर नेहमीच्या प्रयोगशाळेत वाढवताच येत नाही. एकाच रुग्णात रोधक व संवेदनशील अशा दोन्ही वसाहती सापडतात, म्हणून एकच वसाहत तपासून भागत नाही. शिवाय गुण न येण्यामागे रोधच असेल असे नाही: व्होरिकोनॅझोलची रक्तातील पातळी माणसागणिक खूप बदलते, ती आधी मोजावी.

ॲझोलरोध सिद्ध झाल्यास सहसा लिपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेले) ॲम्फोटेरिसिन बी देतात. मूत्रपिंडावरील परिणामांमुळे त्यालाही मर्यादा आहेत. ओलोरोफिम हे नवे औषध वेगळ्याच विकरावर काम करते. मात्र इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीतले बुरशीनाशकही नेमक्या त्याच विकरावर मारा करते.