बेलिनी बाटलीत कशी आली

युरोपातल्या मोठ्या दुकानांत स्पार्कलिंग वाइनच्या फळीवर फिकट गुलाबी रंगाची, किंचित गढूळ दिसणारी एक बाटली हमखास आढळते. तिच्यावर ‘बेलिनी’ हे नाव असते, अल्कोहोलचे प्रमाण बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास असते, आणि फळाचा गर तळाशी बसत असल्याने उघडण्यापूर्वी ती हलकेच उलटीसुलटी करावी लागते. मूळ बेलिनी मात्र साठवून ठेवण्याजोगी नव्हतीच. पांढऱ्या पीचचा चाळणीतून गाळलेला गर आणि त्यावर ओतलेली थंड प्रोसेको, म्हणजे ईशान्य इटलीतली फसफसणारी पांढरी वाइन, एवढेच तिचे घटक होते. पीचच्या हंगामापुरती ती व्हेनिसच्या एका बारमध्ये मिळे आणि केल्याबरोबर प्यावी लागे. ह्या पेलाभर पेयाची बाटली कशी झाली हे पाहायचे, तर बारच्या इतिहासाबरोबर फळाचा, वाइनच्या टाकीचा आणि युरोपीय कायद्याचाही इतिहास पाहावा लागतो. जाहिरातींत यांपैकी पहिलाच सांगितला जातो, कारण तो सर्वांत रंजक आहे.

तो असा. मूळचे वेरोनाचे ज्युसेप्पे चिप्रियानी हे १९२० च्या दशकाच्या अखेरीस व्हेनिसमधील हॉटेल युरोपाच्या बारमध्ये कामाला होते. बोस्टनहून आलेला हॅरी पिकरिंग नावाचा एक श्रीमंत तरुण तेथे रोज येत असे. घरच्यांनी पैसे पाठवणे थांबवल्यावर तो अडचणीत आला, तेव्हा चिप्रियानींनी त्याला १०,००० लिरा उसने दिले. बऱ्याच काळाने पिकरिंग परतला. त्याने उसनी रक्कम तर फेडलीच, शिवाय स्वतःचा बार काढण्यासाठी आणखी ४०,००० लिरा दिले. सान मार्को चौकापासून जवळ, काल्ले वाल्लारेस्सो ह्या गल्लीच्या टोकाला असलेल्या दोरखंडांच्या जुन्या गोदामात मे १९३१ मध्ये ‘हॅरीज बार’ सुरू झाला. ती गल्ली त्या काळी पुढे बंद होती. वाट चुकून कोणी आत शिरण्यापेक्षा मुद्दाम शोधत येणारे गिऱ्हाईक चिप्रियानींना हवे होते, असे त्यांच्या कुटुंबाकडून सांगितले जाते. ही कर्जाची कथाही आपल्यापर्यंत कुटुंबामार्फतच आलेली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. पुढे लेखक, नट, उमराव आणि सधन अमेरिकन प्रवासी यांच्या ये-जा करण्याने तो बार इतका नावाजला, की इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २००१ मध्ये त्याला राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा दिला.

पेय नेमके कधी जन्मले याविषयी मात्र एकवाक्यता नाही. काही लेखनात १९३४ हे वर्ष येते, तर हॅरीज बारच्या परंपरेत १९४८ सांगितले जाते. नावाचे स्पष्टीकरण असे, की गर आणि वाइन मिसळल्यावर येणारी गुलाबी छटा पाहून चिप्रियानींना जोव्हान्नी बेलिनी या व्हेनिशियन चित्रकाराच्या एका चित्रातील संताच्या वस्त्राचा रंग आठवला. जोव्हान्नी बेलिनी १५१६ मध्ये वारला. वडील याकोपो आणि भाऊ जेंतिले हेही नामवंत चित्रकार होते, आणि व्हेनिसमधील सान झाक्कारीया चर्चमधले त्याचे १५०५ चे वेदीचित्र आजही जागेवर पाहता येते. त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन व्हेनिसच्या दोजेंच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यप्रमुखांच्या, राजवाड्यात १९४९ मध्ये भरले होते आणि पेयाला नाव त्या निमित्ताने मिळाले, असेही सांगितले जाते. आता पेय १९४८ चे आणि प्रदर्शन १९४९ चे असेल, तर एकतर प्रदर्शनाची चर्चा शहरात आधीपासून चालू असली पाहिजे, नाहीतर पेय आधी आणि नाव मागाहून, असे घडले असले पाहिजे. मला दुसरी शक्यता अधिक पटते. याच बारमधल्या ‘कार्पाच्चो’ या कच्च्या गोमांसाच्या पातळ कापांच्या पदार्थाचीही अशीच गत आहे. तो १९५० चा मानला जातो आणि त्याचे नाव वित्तोरे कार्पाच्चो या चित्रकाराच्या प्रदर्शनाशी जोडले जाते. पण कार्पाच्चोचे ते गाजलेले प्रदर्शन १९६३ मध्ये भरले. बारमालकाच्या आठवणीत वर्षे सरकतात आणि कथा अधिक सुबक होत जाते, एवढेच यावरून म्हणता येईल. पदार्थ चिप्रियानींचे होते याविषयी फारसा वाद नाही.

कल्पना म्हणून पाहिले, तर तिच्यात मोठे नावीन्य होते असेही नाही. पिकलेल्या पीचच्या फोडी वाइनमध्ये बुडवून खाण्याची रीत इटलीत घरोघरी होती आणि आहे. चिप्रियानींनी पिवळ्या पीचऐवजी पांढरा निवडला, फोडींऐवजी गर घेतला आणि साध्या वाइनऐवजी फसफसणारी वाइन वापरली. तिन्ही निवडी महत्त्वाच्या होत्या. पांढऱ्या पीचमध्ये आंबटपणा कमी आणि सुगंध अधिक असतो, आणि सालीखाली व बाठ्याजवळ असलेल्या तांबूस रंगद्रव्यामुळे त्याचा गर नुसता पांढरा न राहता गुलाबीकडे झुकतो. आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत यादीत बेलिनीची कृती १०० मिलिलिटर प्रोसेको आणि ५० मिलिलिटर पांढऱ्या पीचचा गर अशी दिलेली आहे. इतरत्र ती उंच, निमुळत्या पेल्यात देण्याची पद्धत पडली असली, तरी हॅरीज बारमध्ये ती लहान, सरळ, बिनदांड्याच्या पेल्यातच दिली जाते.

ह्या कृतीतला पहिला अडथळा फळाचा होता. पांढरा पीच फार नाजूक. दाबला की काळा पडतो, आणि त्याचा गर हवेशी संपर्क येताच फळातल्या विकरांमुळे थोड्याच वेळात तपकिरी होऊ लागतो. वेरोनाच्या परिसरात पीच मुबलक पिकत असल्याने व्हेनिसला ताजा माल मिळण्याची अडचण नव्हती, पण हंगाम संपला की बेलिनीही संपे. गर गोठवून साठवण्याचे तंत्र व्यापारी प्रमाणावर आल्यानंतर ती वर्षभर देता येऊ लागली. न्यूयॉर्कला १९८५ मध्ये चिप्रियानी कुटुंबाने रेस्टॉरंट काढले, तेव्हा गोठवलेल्या गराची सोय नसती तर तेथे बेलिनी कशी दिली गेली असती, याची कल्पना करणे कठीण आहे. बाटलीचा पाया खरे तर ह्या शीतगृहात घातला गेला.

दुसरा घटक प्रोसेको. व्हेनेतो प्रांतातल्या कोनेल्यानो आणि वाल्दोब्याद्देने या गावांमधल्या डोंगरउतारांवर तिची द्राक्षे पिकतात. २०१९ मध्ये युनेस्कोने ह्या टेकड्यांचा जागतिक वारसायादीत समावेश केला. कोनेल्यानोमध्ये १८६८ मध्ये आंतोनियो कार्पेने यांनी स्पार्कलिंग वाइनच्या उत्पादनाला सुरुवात केली आणि १८७६ मध्ये तेथे वाइननिर्मितीची शाळाही उभी राहिली. शॅम्पेनमध्ये बुडबुडे आणणारे दुसरे आंबवणे प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे घडवून आणले जाते आणि वाइन दीर्घकाळ मृत यीस्टच्या गाळावर ठेवली जाते. नाशिक परिसरातील काही स्पार्कलिंग वाइनही याच पद्धतीने तयार होतात. त्या वाइनला भाजलेल्या पावासारखा वास येतो, आणि तो पीचच्या मंद सुगंधावर मात करतो. प्रोसेकोचे दुसरे आंबवणे सामान्यतः मोठ्या बंद टाकीत, दाबाखाली आणि कमी काळात उरकले जाते. ह्या पद्धतीचे पेटंट आस्तीच्या संशोधन केंद्रातील फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये घेतले, पुढे १९०७ मध्ये फ्रान्सच्या युजीन शार्मा यांनी तिच्यात सुधारणा केली, आणि जगात ती बरेचदा शार्मा यांच्याच नावाने ओळखली जाते, याचे इटालियन लोकांना अजूनही वैषम्य वाटते. टाकीतल्या वाइनमध्ये द्राक्षाचा मूळ फळवास टिकतो आणि खर्चही कमी येतो. त्यामुळे गरात मिसळण्यासाठी प्रोसेको निवडणे हा केवळ स्थानिक अभिमानाचा भाग नव्हता, चवीच्या दृष्टीनेही तीच निवड योग्य होती.

बाटलीबंद बेलिनीला व्यापारी रूप देण्याचे श्रेय मुख्यतः कानेल्ला या कंपनीला दिले जाते. ती व्हेनिसच्या ईशान्येला, पियावे नदीकाठच्या सान दोना दी पियावे या गावची. लुचानो कानेल्ला यांनी १९४७ मध्ये तिची स्थापना केली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने पांढऱ्या पीचचा गर, स्पार्कलिंग वाइन आणि रंगापुरता रानटी रासबेरीचा रस असे मिश्रण बाटलीत आणले. रासबेरीची ही भर वरवर क्षुल्लक वाटते, पण बाटलीत महिनोन्‌महिने राहणाऱ्या गराची नैसर्गिक छटा टिकत नाही आणि गिऱ्हाईक तर तिच्यावरच भुलते, ही अडचण तिने सोडवली. खरी तांत्रिक जोखीम वेगळीच होती. गरातली साखर आणि चुकून राहिलेले यीस्ट एकत्र आले, तर बंद बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होऊन दाब वाढू शकतो. म्हणून गर निर्जंतुक करणे, वाइन बारीक गाळणे आणि वायू निसटू न देता थंड अवस्थेत दाबाखाली बाटली भरणे, ही सगळी यंत्रणा असल्याशिवाय हे पेय कारखान्यात तयार करता येत नाही. बारमधल्या माणसाला यातले काहीच लागत नाही.

पाठोपाठ भावंडेही आली: स्ट्रॉबेरीची रोस्सिनी, मँडरिन संत्र्याची पुच्चिनी, डाळिंबाची तिंतोरेत्तो. यांतला तिंतोरेत्तो चित्रकार असला, तरी रोस्सिनी आणि पुच्चिनी संगीतकार आहेत. बेलिनी हे नाव ऐकून अनेकांना चित्रकाराऐवजी १९ व्या शतकातला ऑपेराकार विन्चेंझो बेलिनी आठवत असावा, असे ह्या नावांवरून वाटते. हॅरीज बारचा त्या सिसिलियन संगीतकाराशी काही संबंध नाही.

कायद्याने शेवटी ह्या पेयाला स्वतःचा वर्ग दिला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या २५१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार ‘सुगंधित वाइन उत्पादनाचे कॉकटेल’ म्हणून विकायच्या पेयात वाइनजन्य घटक निम्मे तरी असावे लागतात, वरून अल्कोहोल घालता येत नाही आणि अंतिम प्रमाण १.२ टक्क्यांपेक्षा अधिक पण १० टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते. बारमध्ये दोन भाग प्रोसेको आणि एक भाग गर घेतला, तर ११ टक्क्यांच्या वाइनपासून साधारण सव्वासात टक्क्यांचे पेय तयार होते. दुकानातल्या बाटलीवरचा पाचाचा आकडा पाहिला, की तीत वाइनचा वाटा कमी आहे किंवा तिची वाइनच सौम्य आहे, हे कळते. त्यातच २००९ मध्ये इटलीने प्रोसेको हे नाव व्हेनेतो आणि फ्रिउली-व्हेनेत्झिया-जुलिया यांतील नऊ जिल्ह्यांच्या भूप्रदेशापुरते राखून ठेवले आणि तोवर प्रोसेकोच म्हटल्या जाणाऱ्या द्राक्षाला ग्लेरा हे जुने नाव दिले. बेलिनी या नावाला तसे कसलेही कुंपण नाही. त्यामुळे ते कोणत्याही देशातल्या, कोणत्याही स्पार्कलिंग वाइनच्या आणि कोणत्याही पीचच्या बाटलीवर छापता येते, आणि एका बाटलीतल्या फळाचे प्रमाण दुसरीपेक्षा कितीतरी वेगळे असू शकते. घेणाऱ्याने म्हणूनच पुढच्या बाजूचे नाव न पाहता मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी: तेथे प्रोसेकोचा उल्लेख आहे की नुसत्या स्पार्कलिंग वाइनचा, आणि पीचचा गर आहे की केवळ पीचचा स्वाद, हे तेवढ्यावरून समजते.