चेनसॉच्या मुठीपुढचा कठडा

26 सप्टेंबर 1954 च्या रात्री जपानच्या होक्काइडो बेटाला टायफूनने झोडपलं. तोया मारू ही फेरीबोट हाकोदातेजवळ बुडून अकराशेहून अधिक माणसं गेली. ते वादळ आजही त्या बोटीच्याच नावाने ओळखलं जातं. बेटावरची जंगलंही त्या रात्री आडवी झाली. एवढं लाकूड कीड लागण्याआधी बाहेर काढणं हातकरवतीच्या आवाक्यातलं नव्हतं. जपानच्या सरकारी जंगलांत चेनसॉचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीचा, मोठ्या प्रमाणावर शिरकाव झाला तो यामुळे. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच वनमजुरांची बोटं थंडीत मेणासारखी पांढरी पडू लागली. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग सदऱ्याचं बटण लावता न येणं.

हा आजार वैद्यकाला नवा नव्हता. सतत थरथरणारं यंत्र धरून बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू निकामी होतात, हे इटलीत जिओव्हान्नी लोरीगा यांनी 1911 मध्ये खाणकामगारांबाबत नोंदवलं होतं. 1918 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डच्या दगडफोड्यांची बोटं डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तपासली होती. दगडाच्या खाणीतलं हे ज्ञान जंगलात पोचायला पन्नास वर्षं लागली, याचं मला राहून राहून नवल वाटतं. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून चेनसॉच्या मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे किंवा स्प्रिंगचे तुकडे बसू लागले. जपानमध्ये कामगार संघटनांनी भांडून दिवसाला 2 तासांच्या वर मशीन चालवायचं नाही अशी मर्यादा मिळवली. आज स्वस्तातलं मशीन हातात घेतल्यावर मूठ इंजिनाला थेट पिळून बसवलेली दिसली, तर ते मशीन साठ वर्षं मागचं आहे असं समजावं.

चेनसॉचा उगम शोधू गेलं की अठराव्या शतकातल्या दोन स्कॉटिश डॉक्टरांची, एटकिन आणि जेफ्री यांची, अडलेल्या बाळंतिणीचं हाड कापायची साखळी-करवत हमखास पुढे येते. गोष्ट खरी आहे, पण जंगलातल्या यंत्राशी तिचा फारसा संबंध नाही. आपल्या उपयोगाचा इतिहास जर्मनीत सुरू होतो. श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारा आणि 1929 मध्ये पेट्रोलवर चालणारा चेनसॉ बनवला. पेट्रोलवाल्याचं वजन होतं 46 किलो. तो दोघांनी मिळून चालवायचा. एक जण इंजिनाकडे, दुसरा लांब पात्याचं, म्हणजे बारचं, दुसरं टोक धरून.

आजच्या सुरक्षेचा सगळा पेच त्या दुसऱ्या माणसापाशी आहे. बारचं टोक त्याच्या हातात असल्यामुळे ते मोकळं नव्हतं. पुढे मशीन हलकं होत गेलं. 1947 मध्ये ओरेगॉनच्या जोसेफ बफर्ड कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून साखळीचे दात नव्याने घडवले, त्यामुळे कापणी वेगवान झाली. 1950 मध्ये श्टीलचं एकट्याने चालवायचं 16 किलोचं मशीन आलं, 1959 मध्ये 12 किलोचं. मजुरी एका माणसाची वाचली आणि बारचं टोक उघडं पडलं.

त्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला फांदी, ओंडका किंवा शेजारचं खोड लागलं की दात लाकडात रुततात. साखळी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सगळं मशीन उसळून मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे येतं. पापणी लवायच्या आत हे घडून जातं. हात घट्ट धरून किंवा ‘सावध राहून’ ते अडवता येईल असं कुणी सांगत असेल, तर त्याने मशीन तरी चालवलेलं नाही किंवा नशीब तरी चांगलं आहे.

म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादकांनी माणसाच्या सावधपणावर भिस्त ठेवणं सोडलं. श्टीलने 1972 मध्ये आणि स्वीडनच्या हुस्कवार्नाने 1973 मध्ये चेन ब्रेक आणला. पुढच्या मुठीसमोर जो कठडा दिसतो तो हात खरचटू नये म्हणून बसवलेला आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो ब्रेकचा दांडा आहे. मशीन उसळलं की डावं मनगट त्याला धडकतं, साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवती पोलादी पट्टा आवळला जातो आणि साखळी क्षणार्धात थांबते. नंतरच्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही ब्रेक लागू लागला. त्यासोबत कमी उसळणाऱ्या साखळ्या आल्या, तुटलेली साखळी अडवणारा आकडा आला, उजव्या मुठीखाली रुंद पट्टी आली, आणि तळहाताने खटका दाबल्याशिवाय रेस न घेणारा ट्रिगर आला. पायांसाठी खास पँट निघाली. तिच्यात लांब तंतूंचे थर असतात. सेकंदाला 20 मीटर वेगाने फिरणारी साखळी कापडाला लागली की ते तंतू ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी जाम होते. अशी पँट धुऊन इस्त्री केली की तंतू एकमेकांना चिकटतात आणि तिचा उपयोग संपतो.

यातलं बरंच काही आपल्याकडे मशीनसोबत येतं आणि पहिल्या महिन्यात जातं. कठडा ‘मध्ये येतो’ म्हणून काढला जातो. ब्रेकचा पट्टा भुशाने भरतो तो कुणी साफ करत नाही. साखळीला कानस लावली जात नाही, आणि बोथट साखळी दाबून चालवावी लागते. पँटच्या जागी लुंगी किंवा अर्धी चड्डी, पायात स्लिपर.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. रायगडात आणि दापोली-मंडणगडात पोफळीच्या वाड्या, माड आणि आंब्याची कलमं झोपली. वर्षभरात तौक्ते आलं. रस्ते, घरं, विजेच्या तारा मोकळ्या करायला चेनसॉशिवाय इलाज नव्हता. पण वादळात पडलेलं झाड आणि उभं झाड यांत फरक आहे, आणि तो कुठल्याही ब्रेकला कळत नाही. स्वीडनमध्ये जानेवारी 2005 च्या गुद्रुन वादळाने साधारण साडेसात कोटी घनमीटर लाकूड पाडलं. तिथे यंत्रं उत्तम होती, जंगलात काम करणारी माणसंही अनुभवी होती, तरीही पुढच्या महिन्यांत झाडं काढताना माणसं दगावली.

पडलेल्या खोडात ताण साठलेला असतो. दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असलेलं खोड वरच्या अंगाला दाबलेलं असतं, खालच्या अंगाला ताणलेलं. सरळ वरून कापत गेलं की फट मिटते आणि बार अडकतो. म्हणून आधी दाबलेल्या बाजूने थोडा काप घ्यायचा, मग ताणलेल्या बाजूने पुरा करायचा. वाकून अडकलेली बारीक फांदी याहून वाईट, कारण तोडताक्षणी ती तोंडावर बसते. मुळासकट उपटलेल्या झाडाची मुळं-मातीची भिंत खोडाच्या वजनाने उभी धरलेली असते. खोड बुंध्यापाशी तोडलं की ती भिंत पुन्हा आडवी होऊन खड्ड्यात बसू शकते, किंवा अनपेक्षितपणे उलट बाजूला कोसळू शकते. खड्ड्यात किंवा भिंतीमागे कुणी नाही, पोरं-कुत्रीसुद्धा नाहीत, हे डोळ्यांनी पाहून मगच काप घ्यायचा. बुंध्याला दोन-तीन हात खोड ठेवून तोडायचं आणि शक्य असेल तर ती भिंत आधी दोराने बांधायची. झाडात तार गुंतलेली असेल, तर महावितरणच्या माणसाने पुरवठा बंद असल्याचं समक्ष सांगेपर्यंत मशीनची दोरी ओढायची नाही.