लाल पाण्याची बाटली आणि गल्लीतलं कुत्रं

सांगलीत गावभागातून सकाळी चक्कर मारा, दारोदारी कुंकवाच्या नाहीतर निळीच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या दिसतील. समज असा की रंग बघून कुत्रं बिचकतं आणि पायरीवर पाय वर करत नाही.

कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. त्यामुळे लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो. निळा चांगला दिसतो, पण त्याची भीती कशाला वाटेल? आमच्या शेजारच्या काकूंच्या निळ्या बाटलीवरच गल्लीतला काळू रोज मुततो. काकू म्हणतात, निळीचं प्रमाण चुकलं असेल!

खरा कारभार नाकाचा. आधीच्या कुत्र्याचा वास जिथे, तिथेच पुढचा आपली खूण ठेवतो. म्हणून पायरी साबणाने घासून वास घालवावा. नराची नसबंदी झाली की ही सवय बरीच कमी होते. सोबत रेबीजची लस टोचून घेतली की गल्लीचीही काळजी मिटते.

आणि बाटलीतलं पाणी? एप्रिल-मेच्या उन्हात ते रंग न घालता पसरट मातीच्या भांड्यात, सावलीला ठेवा. रोज बदला मात्र.