‘आठवडाभरात किती दुखलं?’ या प्रश्नामागचा इतिहास

‘शून्य ते दहामध्ये सांगा, गेल्या आठवड्यात साधारण किती दुखलं?’ सांधेदुखीच्या पेशंटला हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि उत्तराच्या आकड्यावर गोळ्या कमी-जास्त होतात. तो आकडा पेशंट आणतो कुठून?

१९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक आइक आणि सहकाऱ्यांनी जुनाट डोकेदुखीच्या पेशंटना तासातासाला नोंद करायला लावली. नंतर, डोकं ठणकत असताना विचारलं की मागचं दुखणंही नोंदीपेक्षा जास्त आठवायचं. उतार पडलेला असला की कमी. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि कानेमन या संशोधकांनी कोलोनोस्कोपी (नळी घालून मोठं आतडं आतून पाहण्याची तपासणी) चालू असताना मिनिटामिनिटाला वेदना मोजली. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत जवळजवळ किंमतच नव्हती. मनात राहिली ती सर्वांत मोठी कळ आणि शेवटची काही मिनिटं.

पण तपासणी संपते. संधिवात संपत नाही.

मग रोजची वही लिहून घ्यावी, तर तिथेही घोळ. २००२ मध्ये आर्थर स्टोन यांच्या गटाने जुनाट दुखण्याच्या ८० जणांवर अभ्यास केला. काहींना कागदी डायरी दिली आणि तिच्या फाइलमध्ये, ती कधी उघडली हे टिपणारा प्रकाश-सेन्सर गुपचूप बसवला. कागदावर ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या; प्रत्यक्षात फक्त ११ टक्के. बाकीच्या ठरल्या वेळी भरलेल्या नव्हत्या. मला यात लबाडी दिसत नाही. बोटं आखडलेली असताना पेन कोण धरणार?

२००५ मध्ये स्टोन यांच्या गटानेच चढ-उताराचा धागा पकडला. समजा, दोघी जणी आहेत. एकीचं दुखणं सातही दिवस चारवर. दुसरी सहा दिवस तीनवर. भाकऱ्या थापल्या, नळावरून पाणी भरलं. सातव्या दिवशी मात्र बरणीचं झाकणही फिरेना, त्या दिवशी दहा. सरासरी दोघींची चारच. तरी आठवडा जास्त दुखरा गेला असं दुसरी सांगण्याचा संभव मोठा, कारण ज्यांचं दुखणं जास्त खाली-वर होतं त्यांची आठवण नोंदींच्या सरासरीपेक्षा वर जाते, असं या अभ्यासात दिसलं. अशा बाईला ‘वाढवून सांगते’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिने सांगितला तो तिचा सातवा दिवस, आणि तो खरा होता.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये औषध-चाचण्यांसाठी सूचना दिली: पेशंटला फार मागचं आठवायला लावू नका, शक्यतो आत्ताचं किंवा अगदी अलीकडचं विचारा.