हिसके म्हणजे पंप गेला, असं नाही

जुनी डिझेल गाडी कमी वेगात हिसके द्यायला लागली की पंप-इंजेक्टर (इंजिनात दाबाने डिझेल फवारणारे भाग) गेले, हे कोल्हापुरात सर्रास ऐकू येतं. अहो, आधी हिसका कधी बसतो ते बघा! क्लच सोडतानाच गाडी थरथरते, पूर्ण सुटल्यावर शांत होते? मग संशय क्लच प्लेट, फ्लायव्हील किंवा इंजिन माउंटिंगवर. दसरा चौकाच्या गर्दीत, दुसऱ्या गिअरात, क्लचवर पाय नसतानाही हिसके बसतात? तर डिझेल फिल्टर, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इंधनाच्या नळीत शिरणारी हवा तपासा; नळीचा तुकडा पारदर्शक लावला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून दाबाचं डिझेल मिळतं तिथे, प्रत्येक इंजेक्टरची उरलेलं डिझेल परत नेणारी नळी वेगळ्या बाटलीत सोडतात. जिथे डिझेल इतरांपेक्षा खूप जास्त जमतं, तोच इंजेक्टर खोलायचा.