पट्टी काढायची राहिली

विमानाचा हवेतला वेग कळतो तो हवेच्या दाबावरून. नाकाजवळ, लहान विमानात बहुधा डाव्या पंखाखाली, पुढे तोंड करून बसवलेली पिटो ट्यूब समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब घेते. विमानाच्या अंगावरची बारीक भोकं, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, आसपासच्या हवेचा दाब घेतात. दोन्ही दाबांतल्या फरकावरून वेग निघतो आणि नुसत्या स्टॅटिक दाबावरून उंची.

भोक बुजलं तरी उपकरण बंद पडत नाही, ते पटण्याजोगं खोटं बोलतं. स्टॅटिक पोर्ट पूर्ण बुजले तर उंची धावपट्टीवरच्या आकड्याला खिळते आणि वर चढताना वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पिटोचं तोंड आणि पाणी निथळायचं भोक, दोन्ही बुजली तर उलटं: विमान जसं चढेल तसा वेग वाढलेला दिसतो. तो कमी करायला वैमानिक नाक उचलतो आणि विमान स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल संपून खाली पडण्याकडे, जातं. निथळायचं भोक उघडं असेल तर वेग थेट शून्याकडे घसरतो. हा बिघाड त्यातल्या त्यात बरा, निदान लगेच लक्षात येतो.

2 ऑक्टोबर 1996 रोजी लिमाहून निघालेलं एरोपेरू या विमान कंपनीचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं आणि 70 जण गेले. धुण्या-पॉलिशच्या वेळी डाव्या बाजूच्या स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. पट्टी चंदेरी, खालचा पत्राही चंदेरी, भोकं डोक्याच्या वर, त्यात रात्र. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली तेव्हा 9,700 फूट असं उत्तर आलं. पण तो आकडा विमानाचाच ट्रान्सपॉन्डर (उंची रेडिओने जमिनीवर कळवणारं यंत्र) पाठवत होता, त्याच बुजलेल्या भोकांवरून!

म्हणून पट्टी भडक रंगाची हवी, तिला लोंबती फीत हवी आणि ती लावल्याची नोंद लॉगमध्ये हवी. विमान उभं असताना पिटो ट्यूबवर घातलेली झाकणं काढताना मोजावीत: तीन लावली असतील तर तीन हातात आली पाहिजेत. 18 जुलै 2018 रोजी ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं एअरबस ए330 तिन्ही पिटो झाकणांसकट उडालं. सुदैवाने ते सुखरूप परत उतरलं. तिथे झाकणं लावतात ती मातीची घरटी करणाऱ्या माश्यांमुळे. आपल्याकडची कुंभारीण माशीही असंच एखादं भोक बघून चिखल भरते.

भोकं जवळ जाऊन, टॉर्च मारून बघावीत. मेण, पाणी, माती काहीही अडकलेलं असू शकतं. पिटोत तोंडाने फुंकू नये, आतली नाजूक उपकरणं बिघडतात. पिटो हीट, म्हणजे ट्यूब तापवणारा हीटर, थोडाच वेळ चालू करून बंद करावी आणि ट्यूब गरम झाली का ते हात जवळ नेऊन बघावं. थेट धरली तर चटका बसतो.

शेवटची चाचणी धावपट्टीवर. मोठ्या विमानांत वेग 80 किंवा 100 नॉट्स (ताशी सुमारे 150 किंवा 185 किमी) झाला की दोन्ही वैमानिकांचे आकडे ताडून पाहतात. जुळले नाहीत तर उड्डाण तिथेच रद्द करायचं. 6 फेब्रुवारी 1996 रोजी पुएर्तो प्लाताहून निघालेल्या बिर्गेनएअर या विमान कंपनीच्या 757 मध्ये कॅप्टनचा वेगमापक चालत नसल्याचं धावतानाच लक्षात आलं होतं. तरीही उड्डाण चालू ठेवलं गेलं आणि विमानातले सर्व 189 जण मृत्युमुखी पडले.